काकू, द्या इकडे दोन मिनिटं!

घरातील ज्येष्ठ माणूस समाजमाध्यमांवर येण्यास कां-कूं करीत असेल, तर तरुण वाचकांनो, धीर सोडू नका. हा आजार बरा होण्यासारखा आहे. त्याची लक्षणे ठरलेली असतात: रुग्ण खाते उघडण्याआधी 'हे कोणाकोणाला दिसेल?' असे विचारतो, जन्मतारखेच्या चौकटीपाशी अडखळतो आणि 'मला मान्य आहे' हे बटण दाबण्यापूर्वी आपल्याला नेमके काय मान्य आहे ते वाचू लागतो. मी स्वतः अशीच ७१ वर्षांची जुनाट रुग्ण असून गेल्या पंधरवड्यात माझ्या पुतण्याने माझ्यावर यशस्वी उपचार केले. त्या अनुभवाच्या बळावर चार गोष्टी सुचवीत आहे.

सर्वप्रथम, फोन ताब्यात घ्या. समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. समजावू लागले की म्हातारी माणसे प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरे तुमच्याजवळही नसतात, त्यामुळे उगाच दोघांचाही वेळ जातो. "काकू, द्या इकडे दोन मिनिटं," एवढे वाक्य पुरते.

तरीही प्रश्न आलाच, तर हसा. हसण्याला फार मोठी परंपरा आहे. एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांची साक्ष झाली, तेव्हा ८४ वर्षांचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी त्यांना विचारले, की लोक तुमच्या सेवेचे पैसेच देत नाहीत, मग तुमचा धंदा चालतो कसा? "सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो," असे उत्तर देऊन झुकरबर्ग गालांत हसले आणि त्यांच्यामागून साऱ्या इंटरनेटवर हशा पिकला. एवढेही ठाऊक नाही म्हाताऱ्याला! त्या साक्षीत विचारण्याजोगा खरा प्रश्न हाच होता, हे हशात कोणाच्या ध्यानी आले नाही. कोणती जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवायला त्या माणसाची माहिती लागते, म्हणजे दुकानात मांडलेला माल तो माणूसच असतो, हे त्या हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी लक्षात घेतले असेल, कोण जाणे. पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. हसा.

जन्मतारीख खरी घाला, वर्षासकट. बँकेतून बोलतो असे सांगून फोन करणाऱ्या भामट्याला ती हुडकत बसावे लागू नये.

खात्याच्या सुरक्षेसाठी मोबाइल क्रमांक मागितला, तर निःशंक मनाने द्या. फेसबुकनेही लोकांकडून असाच सुरक्षेसाठी क्रमांक घेतला आणि नंतर तोच जाहिरातींसाठी वापरला. हा आरोप अमेरिकेत ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१९मध्ये त्या कंपनीवर केला होता आणि त्याच प्रकरणात तिला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. सुरक्षा कोणाची, एवढे मात्र विचारू नये.

मित्रांची यादी सर्वांना दिसेल अशी ठेवा. तुमच्या काकूंचे छायाचित्र आणि नाव उचलून दुसरे खाते उघडणाऱ्याला पैसे कोणाकोणाकडे मागायचे हे एका जागी मिळाले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचे पथ्य: संपर्कयादी. खाते उघडले की ते संकेतस्थळ लाडिकपणे विचारते, 'तुमचे मित्र शोधू का?' येथे रुग्णाला विचारू नका. 'होय' म्हणा आणि पाठोपाठ येणारे 'सर्वांना आमंत्रण पाठवा' हेही दाबून टाका. माझ्या पुतण्याने नेमके हेच केले. माझ्या फोनमध्ये ३४६ क्रमांक होते. नोकरीत असताना मी ३० वर्षे एका रुग्णालयाच्या नोंदी विभागात काम केले. एका रुग्णाची फाइल दुसऱ्याच्या नजरेस पडू नये, कपाटाची किल्ली टेबलावर राहू नये, एवढ्यासाठीच मला पगार मिळत असे. त्या कपाटाची तीस वर्षे सांभाळलेली शिस्त दोन मिनिटांत निकालात निघाली, आणि तीही माझ्याच नावाने, माझ्याच छायाचित्रासह.

हे क्रमांक माझे नव्हते. ते माझ्याकडे विश्वासाने ठेवलेले होते. त्यात माझ्या एका मैत्रिणीच्या लेकीचा क्रमांक होता. सासर सोडून ती दुसऱ्या गावी राहायला गेली आहे आणि नवा क्रमांक तिने मोजून तीन माणसांना दिला आहे. आमंत्रण पोहोचताच तिने मला फोन केला. ती रागावली नाही. "मावशी, माझा नंबर कुठे दिलात?" एवढेच तिने विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण कुठे दिला हे माझ्या पुतण्यालाही माहीत नव्हते.

असे क्रमांक पुढे कोठे जातात, याचा नमुना जगाने पाहिलेला आहे. एप्रिल २०२१मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांचे फोन क्रमांक आणि इतर तपशील इंटरनेटवर उघड्यावर पडलेले सापडले. ते गोळा करताना कोणी पासवर्ड फोडला नव्हता. संपर्कयादीतून मित्र शोधण्याची जी सोय दिली होती, तीच वापरून ते उपसले गेले होते. त्याबद्दल आयर्लंडच्या विदा (डेटा) संरक्षण आयोगाने पुढच्या वर्षी कंपनीला २६ कोटी ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण तर तुम्हीच आम्हाला हिरिरीने सांगत होता: सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी फेसबुकवरून एक प्रश्नमंजुषा सोडवली आणि माहिती गेली ती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. म्हणजे ज्यांनी ती प्रश्नमंजुषा पाहिलीसुद्धा नव्हती, त्यांची माहिती त्यांच्या उत्साही मित्रांनी देऊन टाकली. आमची भीती नेमकी याच गोष्टीची आहे. आम्हाला यंत्राची भीती वाटत नाही. मी निवृत्तीपूर्वी १५ वर्षे संगणकावर काम केले आहे आणि नातवंडांची छायाचित्रे पाहायला मलाही आवडतात. भीती वाटते ती आमच्या वतीने 'होय' म्हणणाऱ्या माणसाची.

माझ्या यादीत एक नाव नुसते 'हे' असे आहे. माझे पती जाऊन सहा वर्षे झाली. त्यांचा क्रमांक केव्हाच बंद झाला, पण मी तो यादीतून काढलेला नाही. का काढला नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही आणि येथेही सांगणार नाही. बंद पडलेले क्रमांक कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात, हे मला ठाऊक होते. आमंत्रण त्याही क्रमांकावर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता फोन उघडला, तर 'हे' या नावापुढे उत्तर आलेले होते: 'कोण आपण? ओळखलं नाही.'

ज्याने कोणी ते लिहिले त्या सद्गृहस्थाची काही चूक नाही. मी पुतण्याला ते दाखवले. तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "पण काकू, नंबर तेव्हाच डिलीट करायचा ना!" आणि वर, "आणि असं काय आहे आपल्याकडे लपवण्यासारखं?"

तर ऐका. लपवणे आणि जपणे यांतला फरक तुम्हाला कळत नसेल, तर तो दोष आमच्या वयाचा नाही. आमच्या शस्त्रक्रियेनंतरचे बिछान्यातले छायाचित्र आम्हाला न विचारता टाकता, खाली दोनशे लोक 'लवकर बरे व्हा' लिहितात आणि तुम्ही ते आकडे मोजता. आमच्या पेन्शनच्या तारखा, आमची एकटी राहण्याची सवय, आम्ही गावाला कधी जाणार, हे सारे तुम्ही हौसेने जगाला सांगता, आणि उद्या कोणी आम्हाला फसवले की "ओटीपी दिलाच कशाला?" म्हणून आमच्यावरच ओरडता. आम्ही 'हे कोणाला दिसेल?' असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा आणि फोन परत करा. सेटिंग कोठे असते ते बोट धरून दाखवा. बोट दाबायचे की नाही, ते आम्ही ठरवू. आम्ही तुमची पत्रे फोडून वाचली नाहीत, तुमच्या वह्या चाळल्या नाहीत, दारावर टकटक करून आत आलो. हे साधे वळण तुम्हाला कोणी लावले नाही, यात आमचीही चूक असेल. पण म्हणून ते शिकायचेच नाही?

खाते मिटवण्याची विनंती मी केली आहे. ३० दिवस लागतील, मध्ये मन बदलले तर परत या, असे उत्तर आले आहे. तोवर ज्यांना माझ्या नावाने आमंत्रण गेले त्यांना मी एकेक करून फोन करते आहे आणि क्षमा मागते आहे. कालपर्यंत ११२ झाले. उरलेल्यांना पुतण्याने फोन करावा, असे मी त्याला सांगितले, तर तो अगदी गोरामोरा झाला.

"अनोळखी माणसांना मी असा कसा फोन करू, काकू?"