आधी भाकरी, मग गणित? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या काही दिवसांत एक मजकूर मला तीन वेगवेगळ्या परिचितांकडून आला, आणि तिघांनीही तो सहमतीच्या शेऱ्यासह पाठवला होता. त्याचा आशय थोडक्यात असा: ज्या आफ्रिका खंडात मुले हिवतापाने दगावतात, तेथे गणिताच्या पदव्युत्तर शिक्षणावर पैसा घालणे ही चैन आहे, 'आंतरविद्याशाखीय' हे पातळ केलेल्या अभ्यासक्रमाला दिलेले भारदस्त नाव आहे, तेथील असे शिक्षण देणाऱ्या संस्था पाश्चात्त्यांच्या कल्पनेतून आणि दानातून उभ्या आहेत, वीस वर्षांत त्यांतून एकही आइन्स्टाइन निघालेला नाही, आणि शिकलेली मुले अखेर परदेशीच जातात, तेव्हा त्यांना शिष्यवृत्ती देऊन सरळ लंडनला किंवा पुण्याला पाठवलेले बरे. मजकुराचा रोख मुख्यतः आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस या संस्थेकडे आहे. तिच्या नावाच्या आद्याक्षरांनी (एम्स) आपल्याकडे दिल्लीचे रुग्णालय आठवते, म्हणून पुढे तिला नुसते 'आफ्रिकन इन्स्टिट्यूट' म्हणतो. २००३ मध्ये केपटाउनजवळच्या म्युझेनबर्ग येथे, समुद्रकाठच्या एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत ती सुरू झाली. पुढे सेनेगल, घाना, कॅमेरून आणि रवांडा येथेही तिची केंद्रे उभी राहिली.

पहिला आक्षेप भाकरीचा, आणि तोच सर्वांत परिणामकारक आहे, कारण तो ऐकताच माणूस ओशाळतो. परंतु मजकूर लिहिणाऱ्याने उदाहरण म्हणून हिवताप निवडला, हे त्याचे दुर्दैव म्हणावे लागेल. रोगांच्या गणिताचा उगमच मुळी हिवतापात आहे. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो, हे १८९७ मध्ये सिकंदराबादेत दाखवून देणारे रोनाल्ड रॉस पुढे सिएरा लिओन आणि मॉरिशस येथे हिवताप-निर्मूलनाच्या कामाला गेले. शेवटचा डास मरेपर्यंत हिवताप जाणार नाही, असे त्या काळी अनेकांना वाटत असे, आणि शेवटचा डास मारणे कोणालाच शक्य नव्हते. रॉस यांनी समीकरणे मांडून दाखवले की डासांची संख्या एका विशिष्ट उंबरठ्याखाली आणली, तर उरलेले डास तसेच राहूनही रोग आपोआप विझत जातो. अशक्य वाटणारे काम केवळ अवघड आहे, हे या गणिताने सिद्ध केले.

१९५०च्या दशकात हिवतापाचे अभ्यासक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी हाच विचार पुढे नेला, आणि त्यांचे म्हणणे कोणालाही वहीवर करून पाहता येईल. परजीवी डासाच्या शरीरात शिरल्यापासून तो डास बाधक होईपर्यंत सुमारे १० दिवस जातात, असे धरू. रोज १०० पैकी ९० डास जगत असतील, तर १० दिवसांनी त्यांतले जेमतेम ३५ उरतात. रोज ८० जगत असतील, तर ११सुद्धा उरत नाहीत. जे उरतात त्यांचे पुढचे सरासरी आयुष्यही निम्म्याहून कमी होते, आणि या दोहोंचा गुणाकार केला की रोग पसरवण्याची क्षमता जवळपास एक-सप्तमांशावर येते. याउलट, डबकी बुजवून डासांची संख्या निम्मी केली, तर ती क्षमता निम्मीच होते, त्याहून अधिक नाही. पैसा मोजकाच असेल, तर तो डबक्यांवर खर्चावा की डासांचे आयुष्य घटवणाऱ्या, घरांच्या भिंतींवरच्या फवारणीवर, याचा कौल देणारे हे गणित आहे. ज्याच्याकडे साधने कमी, त्याला असा हिशेब अधिक लागतो. श्रीमंताला चार ठिकाणी चुकलेले परवडते.

माणसांना निद्रारोगाची आणि गुरांना तशाच रोगाची बाधा करणाऱ्या त्से-त्से माशीची गोष्टही अशीच आहे. ही माशी इतर माश्यांप्रमाणे शेकड्यांनी अंडी घालत नाही. मादी साधारण नऊ-दहा दिवसांनी एकाच अळीला जन्म देते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या कीटकाच्या माद्यांपैकी रोज अवघ्या ४ टक्के जादा मेल्या, तरी त्यांची वस्ती टिकत नाही. हा आकडा हाती आल्यानंतर विमानांतून सर्वत्र औषध फवारण्याची गरज उरली नाही; गुरांसारखा वास दिलेले आणि कीटकनाशक लावलेले कापडी पडदे दर चौरस किलोमीटरला चारच्या आसपास लावले तरी पुरतात, असे झिम्बाब्वेत दिसून आले. या कामात आयुष्य घालवलेले जॉन हारग्रोव्ह हेच पुढे स्टेलेनबॉश विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेल्या साथरोगांची गणिती प्रारूपे (मॉडेल) अभ्यासणाऱ्या केंद्राचे पहिले संचालक झाले. जनावर वाचले की शेत नांगरले जाते आणि दूध मिळते. मजकुरातली भाकरी या गणिताच्या आड येते ती नेमकी कोठे, हे मला तरी दिसले नाही.

दुसरा आक्षेप असा की अनेक विषयांची सरमिसळ करून धड एकही शिकवला जात नाही. या शंकेबद्दल मला सहानुभूती आहे, कारण आपल्याकडेही 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द पुष्कळदा विभागाच्या दारावरच्या पाटीपुरता उरतो. पण हा शब्द प्रत्यक्षात काय मागतो, ते पाहायचे तर आफ्रिकेतून थोडे आपल्याच मुंबईत यावे लागेल. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथीच्या चढउताराचे जे प्रारूप मांडले, ते आज जगभर पहिल्या धड्यात शिकवले जाते. यांतले कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ होते आणि प्रयोगशाळेतील स्फोटात त्यांची दृष्टी गेलेली होती; मॅकेंड्रिक डॉक्टर होते, १९०१ मध्ये रॉस यांच्याबरोबर सिएरा लिओनला गेलेले आणि नंतर भारतातील वैद्यकीय सेवेत राहिलेले. आपले सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. आलेखावर सूत्राची रेषा आणि आकड्यांचे ठिपके इतके सुरेख जुळले की ती आकृती आजही पुस्तकांतून छापली जाते.

मात्र मुंबईचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे होत होता, आणि उन्हाळा वाढला की दरवर्षी ओसरत असे. माणसामाणसांतील संसर्ग गृहीत धरणारे सूत्र त्या आकड्यांना जुळले, पण तेवढ्याने ते त्या साथीचे स्पष्टीकरण ठरत नाही, ही टीका पुढे अभ्यासकांनी केली आणि ती रास्त आहे. नुसते गणित येणाऱ्याला जुळलेली रेषा दिसते, नुसते वैद्यक येणाऱ्याला पिसू दिसते. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी असणे, हा आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा खरा अर्थ आहे. ते पातळ शिक्षण नव्हे. उलट, गणितात चूक नसूनही उत्तर चुकू शकते, हे तेथे आधी शिकावे लागते, आणि शुद्ध गणिताच्या वर्गात हा अनुभव सहसा येत नाही.

राहिला प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा. आफ्रिकन इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम सुमारे वर्षभराचा आहे आणि त्यातील विषय बहुधा तीन-तीन आठवड्यांचे असतात, हे मजकुरात बरोबर दिले आहे. दिलेले नाही ते असे की या तीन आठवड्यांत प्राध्यापक, सहायक शिक्षक आणि विद्यार्थी एकाच छपराखाली राहतात आणि एकाच भोजनगृहात जेवतात, त्यामुळे सकाळी फळ्यावर अडलेले उदाहरण रात्रीच्या जेवणातही सुटत नसेल, तर जेवणानंतर पुन्हा काढले जाते. वर्षाचा पहिला भाग संगणकावर प्रोग्रॅम लिहिणे, प्रश्न सोडवणे आणि शास्त्रीय लेखन यांसाठी असतो, आणि फ्रेंच माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचीही मदत मिळते. मधल्या भागात निवडक विषय येतात. शेवटी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शोधनिबंध लिहावा लागतो. शिक्षणासाठी आणि राहण्यासाठी विद्यार्थ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. पाठ केलेली सिद्धता उत्तरपत्रिकेत उतरवून पदवी मिळवलेल्या मुलाला स्वतः प्रश्न मांडायला शिकवणे, हे या वर्षाचे काम आहे. आमच्याकडे एम.एस्सी.ची दोन वर्षे जातात आणि तरीही कित्येकांच्या बाबतीत ते होत नाही; असो.

एका वर्षात कोणी तज्ज्ञ होत नाही, हे मान्यच आहे. पण हे वर्ष तज्ज्ञ करण्यासाठी नाही. पदवी आणि संशोधन यांच्यामध्ये जो ओढा आहे, त्यावरचा तो साकव आहे.

'पाश्चात्त्यांची कल्पना' हा तिसरा आक्षेप इतिहासाला धरून नाही. आफ्रिकी गणिती संघाची स्थापना १९७६ मध्ये मोरोक्कोतील रबात येथे झाली, आणि त्याचे पहिले अध्यक्ष कॅमेरूनचे गणिती आंरी होग्बे-न्लेंद होते. नायजेरियाने १९८८ मध्ये अबुजा येथे राष्ट्रीय गणित केंद्र काढले आणि जेम्स एझेइलो यांच्याकडे त्याची धुरा दिली. बेनिनमधील पोर्तो-नोवो येथील गणित व भौतिकी संस्थाही आफ्रिकन इन्स्टिट्यूटच्या कितीतरी आधीची आहे. तिला इटलीतील त्रिएस्तच्या ज्या सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे साहाय्य लाभले, ते केंद्र १९६४ मध्ये स्थापन करण्यात पुढाकार होता भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांचा, म्हणजे पंजाबातल्या झंग गावाकडच्या माणसाचा. खुद्द आफ्रिकन इन्स्टिट्यूटचे संस्थापक नील टुरोक जोहान्सबर्गला जन्मले. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढल्याबद्दल वडिलांना तुरुंगवास झाला, कुटुंबाला देश सोडावा लागला, आणि १९९४ नंतर आई-वडील दोघेही नव्या लोकशाहीच्या संसदेचे सदस्य झाले. अशा माणसाला पाहुणा ठरवणे कठीण आहे.

दानाबाबत मात्र मजकुरातला सूर सर्वस्वी चुकीचा नाही. कॅनडाचे सरकार, मास्टरकार्ड फाउंडेशन, गुगल आणि फेसबुक यांच्या पैशावर या जाळ्यातील बरेच काम उभे राहिले आहे, आणि देणारा हात आखडला की काय होते, याची काळजी तेथे काम करणाऱ्यांनाही असणारच. २०१४ मध्ये टांझानियात सुरू झालेले केंद्र आज जाळ्यात नाही. यावर उपाय आफ्रिकी सरकारांनी आपला वाटा वाढवणे हा आहे. संस्था बंद करणे हा नव्हे. आपल्या आयआयटींपैकीही मुंबईची सोव्हिएत मदतीने, मद्रासची पश्चिम जर्मनीच्या आणि कानपूरची अमेरिकेच्या मदतीने उभी राहिली. त्यांना आज कोणी परक्यांचे नाटक म्हणत नाही.

आइन्स्टाइनचा मुद्दा लवकर आटोपतो. २००८ मध्ये टेड पारितोषिक स्वीकारताना टुरोक यांनी 'पुढचा आइन्स्टाइन आफ्रिकेचा असावा' अशी इच्छा बोलून दाखवली, आणि ती घोषणा झाली. मला स्वतःला ती घोषणा आवडत नाही, कारण तिने संस्थेला चुकीची मोजपट्टी लावून घेतली. पण तीच पट्टी लावायची, तर आइन्स्टाइन जेथे शिकले त्या ज्यूरिखमधूनही त्यांच्यानंतर दुसरा आइन्स्टाइन निघालेला नाही.

शेवटचा आक्षेप बुद्धिमत्तेच्या स्थलांतराचा. विद्यार्थी डॉक्टरेटसाठी परदेशी जातात, हे खरे आहे, आणि त्यांतले काही परतत नाहीत, हेही खरे आहे. प्रश्न एवढाच की त्यावर मजकुराने सुचवलेला उपाय काय आहे? पदवीनंतर लगेचच, म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच त्यांना लंडनला धाडावे! गळती होते म्हणून भांडेच नळापासून दूर ठेवण्यासारखे हे आहे. खंडातच पदव्युत्तर शिक्षण घेतलेला विद्यार्थी निदान आपल्या भागातले प्रश्न, आकडेवारी आणि शेजारच्या देशांतले सहाध्यायी सोबत घेऊन जातो. सुदानचा, मादागास्करचा आणि नायजेरियाचा मुलगा लंडनमध्ये भेटतीलच असे नाही. म्युझेनबर्गमध्ये ते एका टेबलावर जेवतात. आणि गेलेले परतही येतात. मूळचे सेनेगलचे मुस्तफा सिसे पॅरिसमध्ये शिकून फेसबुकच्या संशोधनविभागात गेले, नंतर घानाची राजधानी आक्रा येथे गुगलच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आणि त्यांनीच २०१८ मध्ये किगालीत, आफ्रिकन इन्स्टिट्यूटच्या केंद्रात, यंत्रबुद्धिमत्तेचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

कायमचे परदेशी राहिलेलेही अगदीच वाया जात नाहीत, हे पुणेकरांना निराळे सांगायला नको. गणिती श्रीराम अभ्यंकर अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि तेथे असतानाच त्यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभी केली. फरक इतकाच की त्यांना परतून काही उभारण्यासाठी येथे विद्यापीठ, महाविद्यालये आणि गणित शिकू पाहणारी मुले आधीपासून होती. जेथे हे काहीच नसेल, तेथे परतणारा परतून करणार काय?

पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी कितीतरी वर्षांपासून शिकत आहेत आणि त्यांनी यावेच. त्याला कोणाचीच हरकत नाही. पण भारतानेच २०२३ मध्ये मद्रास आयआयटीची शाखा झांझिबारमध्ये उघडली, आणि पहिल्याच वर्षी तेथे विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांतील पदवीबरोबर एम.टेक.चे वर्गही भरले. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्याला इकडे आणण्याऐवजी संस्थाच तिकडे नेण्याचा निर्णय आपल्याच देशाने का घेतला असावा, याचे उत्तरही त्यांनी त्याच गटांत लिहावे.