कात्री आली म्हणे, पण कॅप्सूल कुठंय?

आज सकाळी शाळेच्या जुन्या ग्रुपवर एकाने बातमी टाकली: जनुकाला कात्री लावून सिकल सेल हा रक्ताचा आजार कायमचा बरा. खाली टाळ्या, रॉकेट, जोडलेले हात. आणि त्याच भाऊने मला टॅग करून लिहिलं, "चला, तुमच्या लोकांचं टेन्शन गेलं."

तुमच्या लोकांचं! बाप्पा, हा माणूस नागपुरात इंदोऱ्याच्या पलीकडच्या मोहल्ल्यात लहानाचा मोठा झालेला. ह्याला अजून ठाऊक नाही की विदर्भात हा आजार आमच्या बौद्धांत आहे, गोंडांत आहे, परधानांत आहे आणि कुणबी-तेल्यांच्या घरांतही आहे. तिथं उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. उद्या "ग्रुपवर जातपात नको" हे मलाच ऐकावं लागलं असतं. म्हणून इथं लिहिते. तुम्ही आपले आहात, तुम्हाला पहिल्यापासून समजावत बसायची गरज नाही.

बातमी खोटी नाही, हे आधी सांगते. कॅसगेव्ही नावाच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. जनुक कापायच्या ज्या क्रिस्पर तंत्रावर तो उभा आहे, त्यासाठी डाउडना आणि शार्पेंतिए या दोघी शास्त्रज्ञांना २०२० चं नोबेल मिळालं. चाचणीत ज्या ३१ जणांकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं, त्यातल्या २९ जणांना सलग वर्षभर मोठा क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, आला नाही. हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, कारण क्रायसिस काय असतो ते मी पाहिलंय.

माझ्या ताईचा मुलगा. डिसेंबरची थंडी, रात्री अचानक पाय धरून कळवळायला लागला. आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते लिहीत नाही. पोरगा टॉवेलचं टोक दातात धरून पडला होता, ओरडायची लाज वाटत होती त्याला. डोळे पिवळे. ताई त्याची नडगी दाबत होती आणि तिथल्या पांढऱ्या कोटातल्या पोराने लांबूनच बघून म्हटलं, "नाटक करते हा, इंजेक्शनची सवय लागली असंल." चौदा वर्षांचं लेकरू ते!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, एकच. त्यामुळे लाल पेशी वाकतात, विळ्यासारख्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही. धडधाकट पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मरते. थंडी वाजली, पाणी कमी प्यालं, ताप आला की घोळ सुरू. म्हणजे आपल्या नागपुरात डिसेंबरही वाईट आणि मे महिना तर विचारूच नका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. या कात्रीने ते बिघडलेलं अक्षर दुरुस्त होत नाही. गंमत वेगळीच आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आणि जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ बंद करतं. म्हणून सिकल सेलचं बाळ पहिले काही महिने छान असतं, आया सांगतात ना, "सहा महिन्यांपर्यंत काहीच नव्हतं." हे १९४८ मध्येच न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं होतं: नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. पुढे कळलं की बीसीएल११ए नावाचं जनुक ते बाळाचं हिमोग्लोबिन दाबून ठेवतं. कॅसगेव्हीत रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांच्यातलं हे बटण कापतात, मग केमो देऊन हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत सोडतात. शरीर पुन्हा बाळाचं हिमोग्लोबिन बनवू लागतं. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, आपले १८ कोटींच्या वर.

आणि तेच बाळाचं हिमोग्लोबिन वाढवणारी एक साधी कॅप्सूल आपल्याकडे मिळते. हायड्रॉक्सियुरिया. अमेरिकेने १९९८ मध्ये मोठ्यांच्या सिकल सेलसाठी तिला मान्यता दिली. स्वस्त आहे, रोज घ्यायची आहे, क्रायसिस कमी होतात.

त्या रात्री टॉवेल चावणाऱ्या पोराला ही कॅप्सूल सुरू नव्हती. सुरू होती आणि बंद पडली होती. का? औषधाच्या खिडकीवर "स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या." ताई पुढच्या आठवड्यात गेली. परत तेच. रोजी बुडवून बाई किती चकरा मारणार? बाहेरच्या मेडिकलवाल्याने "हे कॅन्सरचं औषध आहे, कोणाला पाहिजे?" असं चारचौघांत विचारलं, ती न घेताच घरी आली.

हो, कॅप्सूल म्हणजे जादू नाही, सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, मधून मधून रक्त तपासावं लागतं. मान्य. सरकारने काहीच केलं नाही असंही नाही, २०१६ च्या कायद्यात सिकल सेल अपंगत्वात आला, २०२३ मध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ७ कोटी लोक तपासायचे, २०४७ पर्यंत उच्चाटन करायचं. चांगलं आहे. पण तपासून कार्ड हातात दिलं आणि खिडकी रिकामी, तर त्या कार्डाचं पोराने काय करायचं? मध्य भारतातल्या सिकल सेलवर शुक्ला आणि सोळंकींचा लेख लॅन्सेटमध्ये १९५८ ला छापून आलाय. १९५८! माझा जन्मही नव्हता तेव्हा. आणि अजून ड्युटीवरचा पोरगा "नाटक" म्हणते.

लिहिता लिहिता डोकं परत तापलं. पाणी पिऊन आले.

लग्नाचंही बोलूनच टाकते. आमच्या गल्लीतल्या एका पोरीचा एएस रिपोर्ट आला, म्हणजे ती फक्त वाहक, बिघडलेलं जनुक एकाच बाजूने आलेलं, स्वतः रुग्ण नाही, आणि पसंतीपर्यंत आलेल्या लोकांनी फोन उचलणंच बंद केलं. मुलाची तपासणी केली का? नाही! मुलगा पूर्ण नॉर्मल असेल तर या जोडप्याचं मूल सिकल सेलचं रुग्ण होत नाही. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, म्हणून दोघांनी तपासायचं असतं. पण आपल्याकडे रिपोर्ट पोरीचाच मागतात. यातले काही जण चौदा एप्रिलला माझ्यासोबत रॅलीत असतात, म्हणून जास्त लागतं.

त्या पोरीला मी सांगितलं, तुझ्या रक्तात ते आलं कारण वाहक माणूस मलेरियाने सहजासहजी मरत नाही, जंगलपट्ट्यात तुझे पणजोबा त्याच्यावर टिकले असतील. ती हसली थोडी. "काकू, हे त्या पाव्हण्यांना सांगा ना."

आपल्याकडेही कात्री तयार होतेय, खोटं कशाला बोलू. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुक-संशोधन संस्थेतल्या लोकांनी स्वतःची बनवली, बिरसा मुंडांच्या नावाने बिरसा १०१, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली. पुढचं काम पुण्याच्या लसवाल्या सीरम कंपनीकडे आहे. अठरा कोटींचं काम आपल्या आवाक्यात आणलं तर त्या शास्त्रज्ञांच्या पाया पडायला मी स्वतः जाईन. फक्त ती ताईच्या पोरापर्यंत येईस्तोवर त्याचे खुबे शाबूत राहिले पाहिजेत. आत्ताच एक पाय ओढत चालते तो. शाळेत पीटीचे सर "आळशी" म्हणतात.

ग्रुपवरच्या भाऊचं काय करायचं, बघते. लग्नाला आला होता ताईच्या, जेवून गेला होता पोटभर. त्याला फोनच करेन, लिहून भांडण वाढतं.

तोवर तुम्ही एक करा. उत्तर नागपूर, कामठी रोड, सदर, कुठंही चालेल, हायड्रॉक्सियुरिया ५०० ची कॅप्सूल ज्या मेडिकलमध्ये आज मिळतेय त्याचं नाव कमेंटमध्ये टाका. रिपोर्ट आणि चिठ्ठी ताईजवळ आहे. पोराची कॅप्सूल आता परत सुरू आहे, पण हातातली स्ट्रिप रविवारपर्यंतच पुरणार आहे.