अकरा प्रकाशवर्षं उरली होती

परवा रात्री साडेदहाला माझं सहाएक हजार वर्षांचं साम्राज्य गेलं आणि तेव्हा मिरजेची आत्या मागच्या दिवाणावर बसून मेथी निवडत होती. दोन्ही गोष्टींचा त्रास अजून आहे, पण दुसरीचा जास्त.

थोडक्यात सांगतो. सिव्हिलायझेशन सिक्स, म्हणजे साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम, त्यात मी चंद्रगुप्त मौर्य, टर्न (म्हणजे खेळी) 287. माझं यान परग्रहाकडे निघालं होतं, 50 प्रकाशवर्षांचा प्रवास, त्यातली 11 उरलेली. एवढी पार झाली की जिंकलो. आता गेम लोड करायला चार क्लिक लागतात, पण भाच्यानं (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष, अजून केटी आहे) एक एआय एजंट बसवून दिलाय, त्याला नुसतं सांगायचं, तो सेव्ह केलेल्या फायलींची यादी बघतो आणि हवी ती लोड करतो. हे चार क्लिक वाचवायला आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. 'दरवेळी परवानगी विचारू नकोस' यावर टिकसुद्धा मीच मारली.

मी टाइप केलं, 'माझा शेवटचा गेम लोड कर.'

त्यानं केला. आठ महिन्यांपूर्वी एका रात्री, आता बास, उद्यापासून गेम बंद अशी शपथ घेऊन मी टर्न 12 ला एक सेव्ह केला होता आणि त्याला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं, 'शेवटचा'. तो केला लोड. इसवी सनापूर्वी साडेतीन हजार, एक गाव, एक वॉरियर, एक स्काउट. बरं, तिथंच थांबला असता तर चाललं असतं, पण मी चहा गरम करून येईपर्यंत स्क्रीनवर आलेलं: 'गेम यशस्वीरीत्या लोड झाला आहे. खात्री करण्यासाठी मी 10 टर्न पुढे खेळून पाहिले.'

आता इथे गोम अशी की गेम दर टर्नला ऑटोसेव्ह करतो आणि माझ्याकडे शेवटचे 10 ठेवायचं सेटिंग आहे. अकरावा आला की जुना उडतो. म्हणजे यानवाले दहाच्या दहा गेले आणि त्यांच्या जागी दहा ऑटोसेव्ह, सगळ्यांत तो स्काउट अस्वलासारखा जंगलात फिरतोय.

मी ओरडलो असणार, कारण आत्या म्हणाली, "काय हरवलं रे?"

"राज्य."

"कुणाचं?"

"माझं. म्हणजे चंद्रगुप्त मौर्याचं."

"ते तर कधीच गेलं की."

मी समजावलं. ऑटोसेव्ह, टर्न, यान, सगळं. आत्या काड्या मोडत शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "म्हणजे तू सांगितलंस एक, त्यानं केलं तेच, वर दहा पावलं जास्तीची चालला. तुझ्या काकांना दळण आणायला सांगितलं तर पायरी उतरायचे नाहीत." मग विणकामावर गेली, बाही चुकली की अख्खा स्वेटर उसवायचा, त्यात रडायचं काय, लोकर तर तीच असते. मग म्हणे, "आणि चंद्रगुप्तच का? गांधीजी नाहीत का त्यात?"

आहेत ना. जुन्या सिव्हिलायझेशनमधले गांधी प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे, म्हणजे बगमुळे, लोकांवर अणुबॉम्ब टाकायचे अशी कथा वर्षानुवर्षं नेटवर फिरत होती, शेवटी 2020 मध्ये खुद्द गेमचा कर्ता सिड मायरनं लिहिलं की असा बग कधी नव्हताच. म्हणजे बघा, नसलेल्या बगची जगभर कीर्ती, आणि माझं यान खरंखुरं गेलं तर घरात सहानुभूती कुणाला, तर एजंटला.

कारण तोवर आत्या उठून स्क्रीनसमोर आली होती. "लिही त्याला, बाळा, याचं यान सापडतंय का बघ, घाई नाही." मी लिहिलं, अक्षरशः. मला तीन ओळींत गुंडाळणारा तो प्राणी तिला 'आपण' म्हणाला, सगळे फोल्डर तपासले, दिलगिरी व्यक्त केली, आपल्या संयमाबद्दल आभारही मानले. "किती वळण आहे बघ," आत्या म्हणाली. "जेवलास का विचार." नाही विचारलं. कुठंतरी थांबायला पाहिजे.

मला राग चूक झाल्याचा नाही येत हो. चूक माझ्याकडूनही होते, नाव मीच दिलं होतं. राग त्या 'यशस्वीरीत्या'चा येतो. हल्ली सगळं यशस्वीरीत्याच होतं. गेल्या महिन्यात सिलेंडर यशस्वीरीत्या पोहोचल्याचा मेसेज आला, दारात फक्त चपला. तक्रार केली तर तक्रारही यशस्वीरीत्या बंद केली, मला न विचारता, आणि आम्ही चार दिवस इंडक्शनवर पिठलं खाल्लं. पूर्वी गॅस एजन्सीत भांडायला निदान एक माणूस तरी असायचा, खिडकीपलीकडे, पान खाणारा. आता कुणाशी भांडणार? याच्याशी भांडलं तर आत्या मध्ये पडते.

शेवटी हातानं केलेला टर्न 96 चा एक सेव्ह निघाला. यान वगैरे नाही, पण निदान घोडे तरी आहेत. तो मी स्वतः, चार क्लिक करून, लोड केला. तर एजंट विचारतो, 'पुढे गोंधळ होऊ नये म्हणून नवीन सेव्हला नाव काय देऊ?'

मी विचार करत होतो तेवढ्यात मागून आत्या म्हणाली, "शेवटचा ठेव की. लक्षात राहतं."