रामानुजनना वही लागत होतीच

“खरी कल्पना कधी विसरत नाही, विसरली म्हणजे ती फालतूच होती.” या वाक्याने सुरू होणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. पुढचा मजकूर असा: वह्या, याद्या, कप्पे ही डाव्या मेंदूची कारकुनी, प्रतिभावंताच्या टेबलावर पसाराच असतो, आणि रामानुजनला तर देवी स्वप्नात येऊन गणितं सांगायची, त्याला कुठे वही लागली? माझ्याकडे तो चारदा आला. चौथ्यांदा मावशीकडून, तेव्हा मात्र राहवलं नाही.

आधी रामानुजन. नामगिरी देवीवर त्यांची श्रद्धा होती, हे खरं. पण कागद परवडत नसे म्हणून ते पाटीवर गणित करायचे, कोपराने पुसायचे आणि हाती आलेलं सूत्र तेवढं वहीत उतरवायचे. त्यांची दुसरी वही म्हणजे पहिलीच सुधारून, वाढवून लिहिलेली. म्हणजे नुसतं टिपणं नाही, पुन्हा बसून नीट लावणंसुद्धा. १९२० साली ते गेले. अखेरच्या काळातली त्यांची शंभरावर पानं १९७६ साली जॉर्ज अँड्रूज यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात सापडली. मधली छप्पन्न वर्षं ती जगाच्या लक्षातच नव्हती. मग त्यातलं गणित फालतू होतं म्हणायचं का?

बरं, रामानुजन राहू द्या, आमच्या घरातलं सांगतो. आईच्या वहीत कैरीच्या लोणच्याचं एक पान आहे. कृती निळ्या शाईत, आणि समासात दर वर्षाची एखादी ओळ. ‘मीठ कमी पडलं, बुरशी आली.’ ‘मोहरीची डाळ कडू निघाली, दुकान बदलणे.’ ‘बडीशेप घालून पाहिली. नको.’ मग एका वर्षी ‘हे बरोबर’, आणि खाली दोन रेघा. लोणचं वर्षातून एकदाच घालायचं. मागच्या मे महिन्यात मीठ नेमकं किती कमी पडलं होतं, हे पुढच्या मेपर्यंत कुणाच्या लक्षात राहतं? आम्ही आपले म्हणायचो, आईच्या हाताला चव आहे. ते पान बघेपर्यंत मीसुद्धा तेच म्हणत होतो.

डावा-उजवा मेंदू हे प्रकरण लवकर आटपतं. ही समजूत पसरली ती मेंदूचे अभ्यासक रॉजर स्पेरी यांच्या संशोधनावरून. त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं ते त्याच कामासाठी, पण त्यातल्या रुग्णांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा दुवा शस्त्रक्रियेने कापलेला होता. तुमचा-माझा तो शाबूत आहे. कविता करताना आणि वाण्याची यादी करताना दोन्ही बाजू कामाला लागतात.

पसाऱ्याच्या मुद्द्याला थोडा आधार आहे, तो नाकारत नाही. २०१३ साली मिनेसोटातल्या संशोधकांनी काही जणांना पसरलेल्या खोलीत बसवून टेबल टेनिसच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले, आणि आवरलेल्या खोलीतल्यांपेक्षा त्यांना जास्त कल्पक उपयोग सुचले. पण हे झालं सुचण्याचं. सुचलेलं महिनाभराने पुन्हा हाताला कसं लागणार, हा प्रश्न तिथे विचारलाच नव्हता. डार्विननी उत्क्रांतीची, झाडासारख्या फांद्या फुटलेली ती प्रसिद्ध आकृती वहीत काढली १८३७ साली, आणि त्यावरचं पुस्तक आलं १८५९ला. मधल्या काळात त्यांनी वह्यांमधली पानं कापून विषयवार लावून ठेवली होती. टेबल पसरलेलं असेलही, आपल्याला काय करायचंय!

मेसेजवाल्याची एक गोष्ट मात्र मान्य. वही सजवण्यातच दमणारे लोक असतात. माझ्याच खणात चार रंगांच्या पेनांनी अनुक्रमणिका आखलेल्या तीन वह्या आहेत, आतली पानं कोरी.

मावशीला एवढंच लिहिलं, “तुझी उखाण्यांची वही कुठाय गं?” मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं असे वेगवेगळे भाग पाडलेली, निम्मे उखाणे तिने स्वतः जुळवलेले.

लगेच उत्तर आलं: “कपाटात आहे. कुणाला देणार नाही.”