काटा काढलेला गळ

नेरुळला राहायला आल्यापासून दहा वर्षं मी खाडीवर फक्त फ्लेमिंगो बघायला जात होतो. निरुपद्रवी छंद. फ्लेमिंगो लांब उभे असतात आणि ते पिशवीत घालून घरी आणावेत अशी कुणाची अपेक्षाही नसते. मग पंचेचाळिशीत मला मासेमारीने धरलं. कसं धरलं, ते पुढे येईलच.

गळ आणायला गेलो तर पहिला घोळ नंबरांचा. दहा नंबरचा गळ लहान, चार नंबरचा मोठा, एक नंबरचा त्याहून मोठा. आणि एकच्या पुढे १/०, २/० अशी गाडी उलट्या दिशेने निघते, पण गळ मोठाच होत जातो. आमच्या नेरुळातल्या सेक्टरांना नंबर ज्याने दिले, त्याचाच हा कुणी भाऊबंद असणार. मी मधला बघून एक उचलला.

त्या गळाच्या टोकाला आतल्या अंगाने एक बारीकसा उलटा काटा होता. सगळं भांडण या काट्याचं. आत शिरताना तो अगदी नम्र असतो. बाहेर काढायला जा, की पाय रोवून बसतो. पोटभाडेकरू जसा.

माझा एक मित्र पुस्तकं वाचून मासे धरणारा. (धरलेला मासा मी अजून पाहिलेला नाही.) त्याचं म्हणणं, काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. गळ पटकन रुततो, पटकन निघतो, पिल्लू लागलं तर फारशी इजा न होता पाण्यात परत सोडता येतं. ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे, शंखाचे गळ सापडलेत, हेही त्याने मला ऐकवलं. मला वाटलं, म्हणजे २३,००० वर्षं माणूस घरी जाऊन सांगतोय, "मोठा होता गं, पण सुटला!"

सारसोळेच्या जेट्टीवरच्या काकांचं मत याच्या थेट उलट. काका भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर सहा वाजता. अशा माणसाशी वाद घालायची माझी टाप नाही. ते म्हणाले, "आरं, काटा हाय म्हनून मासली हाय. बिनकाट्याचा गल म्हंजे बिनकडीचा दरवाजा."

मला ते पटलं. पेपर उघडावा तर रोज कुणीतरी कुणाच्या तरी गळाला लागलेलं असतं, आणि आठवड्याभरात सुटून स्वगृही परतलेलं असतं. राजकारणात सर्रास बिनकाट्याचे गळ वापरत असणार. मला तसली फजिती नको होती. मी काटेवाला गळ लावला.

आणि पहिल्याच सकाळी तो लागला. मला. कोलंबी ओवत होतो, तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला, मी दचकलो, आणि गळ उजव्या अंगठ्यात काट्यासकट आत. ओढून पाहिला. उलट्या काट्याचं शास्त्र मला त्या एका क्षणात पूर्ण समजलं.

धक्का लागू नये म्हणून अंगठा उंच धरून निघालो. रिक्षावाल्याने तो पाहिला आणि हसून स्वतःचा अंगठा वर केला. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने केला. दवाखान्याच्या वॉचमनने तर दोन्ही केले. माझं सगळं छान चाललंय याबद्दल त्या दिवशी अख्ख्या नेरुळचं एकमत होतं.

डॉक्टरांनी समजावलं, की मागे ओढला तर मांस फाडत येईल. तेव्हा आणखी पुढे ढकलायचा, टोक कातडीतून बाहेर काढायचं, काटा कापायचा आणि मग उरलेला गळ मागे घ्यायचा. "आणखी पुढे" या शब्दांनंतरचं मी नीट ऐकलं नाही. कापायला दवाखान्यातलं काही पुरेना, म्हणून कंपाउंडर शेजारच्या हार्डवेअरमधून पक्कड घेऊन आला. ती स्पिरिटने पुसली. बधिर करायचं एक इंजेक्शन, धनुर्वाताचं एक. "बिनकाट्याचा असता तर घरीच निघाला असता हो," डॉक्टर म्हणाले.

त्याच संध्याकाळी डाव्या हाताने मी डबीतल्या सगळ्या गळांचे काटे दाबून टाकले. दाबला गेलाय का, हे सुती कापडात टोचून बघायचं. न अडकता निघाला तर ठीक. अकरा निघाले. बारावा हिच्या नव्या ओढणीत राहिला. तो प्रसंग सोडून देऊ.

बिनकाट्याच्या गळाला एकच पथ्य: दोरी सैल पडू द्यायची नाही. सैल पडली की मासा डोकं झटकतो आणि निघून जातो. पुढच्या तीन रविवारी माझी दोरी चार वेळा सैल पडली. काका काही बोलले नाहीत. कडी नसलेला दरवाजा लावून घेतल्याचा अभिनय मात्र त्यांनी चारही वेळा केला.

चौथ्या रविवारी दोरी ताणून धरली आणि शिंगाळी आली! वीतभर, चकचकीत, मिशावाली. गळ हलकेच फिरवला, अलगद निघाला. ना रक्त, ना ओढाताण. मी अभिमानाने काकांकडे पाहिलं आणि त्या आनंदात मासा मुठीत घट्ट धरला.

शिंगाळीच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात. त्यांना करवतीसारखे दाते असतात, वर विषही असतं. हे मित्राने सांगितलं नव्हतं. तो ओकिनावात होता.

काकांनी चहाच्या टपरीवरून सोसेल इतकं गरम पाणी आणून हात त्यात बुडवून ठेवायला लावला. ठणका उतरेपर्यंत तसाच बसलो, मग दवाखाना. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पुन्हा काटेवाला?"

"गळ बिनकाट्याचा होता," मी म्हणालो. "मासा काटेवाला निघाला."

तोवर कंपाउंडर पक्कड आणायला निघालाही होता.