बातमीतली जात आणि न्युर्नबर्गचा फुलवाला

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आठवडाभर एकच वाद चालू आहे. एका वर्गमित्राचे तालुक्याच्या ठिकाणी बातम्यांचे पोर्टल आहे. घरफोडीच्या संशयावरून पकडलेल्या पाच जणांची बातमी त्याने ‘पारधी टोळी जेरबंद’ अशा मथळ्याने दिली आणि जात कशाला लिहिलीस असे कोणीतरी विचारताच सुनावले, ‘पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये आहे तेच छापले, खरे लिहायला घाबरायचे कशाला?’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी राहतो त्या जर्मनीतल्या न्युर्नबर्गमध्ये, रेवे या सुपरमार्केटात, फांडच्या (अनामत परत मिळणाऱ्या) रिकाम्या बाटल्या यंत्रात सरकवत मी ते वाचत होतो आणि माझे डोके तापत गेले, कारण याच मित्राने महिन्यापूर्वी एका बिल्डरने केलेल्या फसवणुकीची सविस्तर बातमी दिली होती आणि तीत बिल्डरची जात कुठेही नव्हती.

जर्मन वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत 12.1 क्रमांकाचे कलम आहे. संशयिताचा वंश किंवा धर्म एरवी लिहू नये, सबळ सार्वजनिक हित असेल तरच लिहावा, असे 2017 च्या सुधारणेनंतर ते सांगते. ड्रेस्डेनच्या एका दैनिकाने त्याआधीच, 2016 मध्ये, वेगळी वाट धरली: उल्लेख नसला की वाचक ‘परकाच असणार’ असे गृहीत धरतात, म्हणून प्रत्येक आरोपीचे राष्ट्रीयत्व छापायचे, जर्मनांचेसुद्धा. हा उपाय मी गटात सुचवला. प्रत्येक आरोपीची जात छाप, उद्या तू किंवा मी सापडलो तर आपलीही छाप, असे लिहिल्यावर दोन तास कोणी काही बोलले नाही. आपल्याकडे नियम नाही असेही नाही. बदनामी होईल अशा संदर्भात जातीचा उल्लेख टाळावा, असे भारतीय प्रेस कौन्सिलचे निकषही सांगतात. पण पोर्टल तिच्या कक्षेत येत नाही, आणि छापील वृत्तपत्रांनाही ती समज देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही.

मात्र कलमाच्या जोरावर मी शहाणपणा शिकवू लागलो, तर मी राहतो ते शहरच माझ्याविरुद्ध साक्ष देईल. 9 सप्टेंबर 2000 रोजी न्युर्नबर्गमध्ये रस्त्याकडेला फुले विकणाऱ्या एन्व्हर शिमशेक यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. 2006 पर्यंत असे नऊ खून झाले. मृतांपैकी आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. तीन खून एकट्या न्युर्नबर्गमधले. पोलीस माफिया आणि अमली पदार्थांचे धागे शोधत राहिले. शिमशेक यांच्या पत्नीला तर सोनेरी केसांच्या एका बाईचा फोटो दाखवून ‘तुमच्या नवऱ्याचे हिच्याशी संबंध होते’ असे धडधडीत खोटे सांगण्यात आले. वृत्तपत्रांनी पोलिसांचीच री ओढली आणि या हत्यांना, डोनर या तुर्की कबाबवरून, ‘डोनर-खून’ म्हणून टाकले. मे 2006 मध्ये ‘दहावा बळी नको’ असे म्हणत मृतांचे नातेवाईक कासेलच्या रस्त्यावर उतरले, तेव्हाही त्यांची दखल फारशी कोणी घेतली नाही. मारेकरी नवनाझी होते हे नोव्हेंबर 2011 मध्ये उघडकीस आले. पुढच्या फेब्रुवारीत बर्लिनच्या शोकसभेत शिमशेक यांची मुलगी म्हणाली की अकरा वर्षे आम्हाला स्वच्छ मनाने बळीसुद्धा होता आले नाही. वडील गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिच्या घरी जाऊन बसायला एखाद्या वार्ताहराला 2000 सालीही कोणी अडवले नव्हते.

आपल्याकडे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुले पळवणारी टोळी आली’ या अफवेवरून जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारे हे मंगळवेढ्याकडचे लोक कोण, त्यांच्यामागे घरी कोण आहे, हे नंतर छापून आले. व्हिडिओ त्याआधीच फिरून झाले होते. करोनाच्या काळात तबलिगी जमातच्या लोकांच्या बाबतीतही तेच झाले. परदेशी तबलिगींविरुद्ध माध्यमांनी मोठा अपप्रचार केला, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये नमूद केले आणि त्यांच्यावरील गुन्हे रद्द केले. तो निकाल आमच्या गटात कधी आला नाही. एप्रिलमधले व्हिडिओ मात्र रोज येत होते.

मित्राचे यावर उत्तर तयार होते: ‘तिकडे गेल्यावर तुला पुळका आला.’ खरेच आहे. महाराष्ट्रात आडनाव सांगताच माझ्यासाठी दारे उघडत. एसटी स्टँडवरच्या टपरीवर सोलापूरहून येणारे वृत्तपत्र मी रोज वाचत असे आणि त्यातले असले मथळे चहाबरोबर गिळत असे. त्या टपरीची आठवण आजही इथल्या कोणत्याही बेकरीत येते. इथे 20 डिसेंबर 2024 रोजी माग्देबुर्गच्या नाताळ बाजारात गाडी घुसवली गेली, तेव्हा मी सर्वांत आधी आरोपी मूळचा कुठला हे शोधले. तो सौदी निघाला आणि मला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी भरलेल्या यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. सौदी आणि सोलापुरी यांतला फरक बघणाऱ्याला कुठून कळणार? 12.1 मला प्रिय आहे, कारण इथे ते माझ्यासाठी आहे. पुळका इकडे येऊनच आला हे मान्य, पण तेवढ्याने मित्राचा मथळा बरोबर ठरत नाही.

त्या पाच जणांचे पुढे काय झाले, जामीन झाला का, आरोपपत्र दाखल झाले का, असे मी शेवटी त्याला विचारले. ‘फॉलोअप घेतलेला नाही,’ एवढे लिहून त्याने शाळेच्या गणपतीच्या वर्गणीचा विषय काढला. वर्गणी मी त्याच दिवशी पाठवली. प्रश्न पुन्हा विचारणार आहे.