गोफणीतला दगडू

आमच्या कुत्र्याचं नाव दगडू. चार वर्षांपूर्वी ऐन जुलैत सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरखाली ओल्या बोळ्यासारखा सापडला तेव्हा हे नाव नव्हतं. एकदा बसला की कुणाच्या बापाला हलत नाही, हे लक्षात आल्यावर ते आपोआप पडलं. आज तो 22 किलोंचा अस्सल गावठी आहे आणि जिन्यात, लिफ्टच्या दारात, केर काढत असताना नेमका केरापाशी, नावाला पुरेपूर जागतो. फक्त गाडीत बसला की त्याला स्वतःच्या नावाचा विसर पडतो.

गाडीत तो एका जागी नसतोच. आत्ता डाव्या खिडकीत, मग उजव्या, मग मागच्या काचेपाशी शेपटी आपटत. आम्ही त्याला हौशी समजायचो. पिरंगुटला शेळ्यांचा कळप दिसेपर्यंत. दोन सीटांच्या मधून तो असा आला, की समोर रस्ता दिसायच्या ऐवजी मला एक कान दिसला. आतून, केसांसकट. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती एका रसवंतीच्या बाकड्यापासून वीतभर अंतरावर. गुऱ्हाळवाल्या मावशी जागच्या हलल्या नाहीत. घुंगरांचा चरक फिरवता फिरवता म्हणाल्या, "किती ग्लास?" आम्ही प्रायश्चित्त म्हणून सहा ग्लास प्यायलो.

घरी आल्यावर मनूनं वही काढली. ती अकरावी सायन्सला आहे, त्यामुळे आमच्या घरात कुठलीही घटना नुसती घडून संपत नाही, तिचं गणित होतं. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली तर दगडू थांबत नाही, तो त्याच वेगानं पुढे जातो. हा वेग यायला वस्तू साधारण 10 मीटरवरून खाली पडावी लागते.

"10 मीटर म्हणजे आपला तिसरा मजला," मनू म्हणाली. "म्हणजे आई, आपल्या गॅलरीतून दगडू खाली टाकायचा आणि खाली आजोबा खुर्चीत बसलेत."

"मी कशाला बसेन खाली?" बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले.

पण चित्र डोळ्यांपुढून जाईना. इतकी वर्षं आपण गाडीतून कुत्रा नव्हे, गोफणीत घातलेला दगड घेऊन हिंडत होतो. त्यात शिमगा आठ दिवसांवर आलेला, गाव दापोलीच्या अलीकडे, आणि वाटेत सगळा ताम्हिणी घाट. नवऱ्यानं सुट्टी मिळत नसल्याचं सांगून मागाहून एसटीनं यायचं जाहीर केलं. या त्यागाचं वजन 22 किलो होतं, हे मला कळत होतं.

रात्री इंग्लंडातल्या लेस्टरहून नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे म्हणे ड्रायव्हिंगच्या नियमांच्या पुस्तकात 57 नंबरचा नियमच आहे: गाडीत कुत्रा असेल तर त्याला नीट बांधा, नाहीतर पिंजऱ्यात घाला, नाहीतर मधे जाळी लावा. चालकाचं लक्ष दुसरीकडे जाता कामा नये आणि ब्रेक लागला तर कुणाला इजा होता कामा नये.

बाबांनी मोबाइल स्वतःकडे वळवला. "अगो, कुत्रा हे भैरीचं वाहन. देवाला पाठीवर घेणारा तो! त्याला दुसऱ्या वाहनात बसवायचं, हेच मुळात चूक. वर त्याला पट्टा?"

तरीही बांधाबांधीचं पहिलं कंत्राट बाबांनीच घेतलं. त्यांचं अर्धं आयुष्य गावाला बैलांत गेलंय. त्यांनी माळ्यावरून एक दावं काढलं, एक टोक दगडूच्या गळपट्ट्याला, दुसरं हेडरेस्टच्या दांडीला, आणि अशी गाठ मारली की दगडूसकट सीट उचलता आली असती. मनूनं कपाळाला हात लावला. गळ्यात बांधलेला कुत्रा ब्रेकसरशी पुढे गेला की सगळा हिसका मानेला बसतो. तो फास झाला, पट्टा नव्हे. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बैलगाडीत बैल बाहेर असतो. तिथे गणित चुकलं."

माणसांचा पट्टाच त्याला का लावू नये, असं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं. विचारात तथ्य होतं, पण 1959 साली व्होल्वोच्या निल्स बोलिन या इंजिनिअरनं तीन ठिकाणी धरणारा पट्टा आणला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे खांदा आणि कंबर असलेला प्राणी होता. दगडूला दोन्ही नाहीत. त्याला छाती आहे, पोट आहे, आणि मधे नुसता उत्साह.

म्हणून हार्नेस आणला. बाबा त्याला खोगीर म्हणतात. छातीचं माप घ्यायला आईंची ब्लाउजची टेप वापरली, आणि दगडूचं माप आपल्यापेक्षा दोन इंचांनी कमी भरल्याचं आईंना फार लागलं. पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं जायला हवीत, एवढाच नियम दुकानदारानं सांगितला होता. बोटं कुणाची, ते सांगितलं नव्हतं. मनूची जात होती, बाबांची अडकत होती. शिवाय त्या वस्तूला चार भोकं, दगडूला चार पाय, पण पाय दोनच भोकांत घालायचे असतात, हे समजेपर्यंत त्याचं डोकं दोनदा बगलेतून बाहेर आलं. अखेर हार्नेस नीट बसला आणि दगडूचा पुतळा झाला. पापणीसुद्धा हलेना. आईंना वाटलं, त्याच्या अंगावरून वारं गेलं.

दुसरं टोक म्हणजे एक आखूड पट्टा आणि त्याला क्लिप, जी गाडीच्या बकलमध्ये खट्‌कन बसते. फक्त बकल सापडायला हवं. आमच्या गाडीला घेतल्या दिवशीच लेदरचं सीटकव्हर चढवलेलं, आणि मागची तिन्ही बकलं त्या दिवसापासून भूमिगत होती. त्यांच्या शोधार्थ सीटच्या फटीत हात घातला तेव्हा खारे शेंगदाणे, पार्किंगच्या तीन पावत्या, मनूची दुधाची दाढ (हिची हकिकत वेगळी आहे) आणि आईंची एक कुडी निघाली. कुडी हरवल्याबद्दल ज्या कामवाल्या मावशींवर मनातल्या मनात संशय घेतला होता, त्यांना पुढे वर्षभर आई चहाबरोबर बिस्किटं देत होत्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, की एवढ्या वर्षांत मागच्या सीटवर माणसांनीही पट्टा लावलेला नाही. पट्टा न लावल्याबद्दल 1000 रुपये दंड आहे, तो मागच्यांनाही लागू आहे, हे मला पाठ होतं. पाठ असणं निराळं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदम घाटात नेऊ नका, आधी उभ्या गाडीत रोज दहा मिनिटं बसवा. तो एकटा बसेना, म्हणून आम्ही सगळे बसू लागलो. सहा दिवस, संध्याकाळी सात ते सात दहा, पार्किंगमध्ये, इंजिन बंद, सगळ्यांचे पट्टे लावलेले, मांडीवर भडंगाचा डबा. पहिल्या दिवशी वॉचमन काकांनी गेट उघडलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी काचेवर टकटक करून "निघालात का कुठे?" विचारलं. आई "नाही, बसलोय" म्हणाल्या. चौथ्या दिवशी बी विंगमध्ये आमच्या घरात वाटणीवरून भांडणं चालू असल्याचं समजलं.

निघायच्या दिवशी आणखी एक पथ्य होतं: तीन-चार तास आधी कुत्र्याला खायला द्यायचं नाही. पहाटे पाचला उठून पाहते तर दगडू मिशा चाटत बसलेला. "प्रवासाला उपाशी कसा निघेल?" आई म्हणाल्या. तूप लावून दोन पोळ्या झाल्या होत्या.

पुढे बाबा. मागे माझ्या पाठीशी आई, मधे मनू, आणि डावीकडे बाबांच्या मागे दगडू, झोळीसारखी चादर टांगून केलेल्या सिंहासनावर. मनूनं त्याला आणि आजीला एकाच दमात बकलात अडकवलं. आईंची तक्रार साडीच्या इस्त्रीबद्दल होती, दगडूची काहीच नव्हती. बाबांनी मात्र पट्टा लावायला साफ नकार दिला. "घुसमटतो." गाडी पीं पीं करू लागली. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या गाड्यांत पुढच्या दोघांसाठी ही पिंपिणी सक्तीची आहे. बाबा ती पिंपिणी पौड ओलांडलं तरी एखाद्या वारकऱ्याच्या निर्विकारपणे ऐकत होते.

मुळशीच्या जरा अलीकडे मागून खट् असा आवाज आला आणि दगडू माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून पाणी बघू लागला. गाडी कडेला घेतली. मनूनं अडकवला, निघालो, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा मनू टक लावून बसली तेव्हा उलगडा झाला. तो वळून बसताना मागचा पाय बकलाच्या लाल बटणावर पडत होता. पहिल्या वेळी चुकून. तिसऱ्या वेळी, मनू शपथेवर सांगते, आधी तिच्याकडे बघून.

त्यावरही उपाय होता. लहान मुलांच्या सीटसाठी मागे फटीत लोखंडी कड्या वेल्ड केलेल्या असतात, त्यांना ट्रेकवाल्यांसारख्या कॅराबिनरनं अडकवायचा दुसरा पट्टा मनूनं आणलाच होता. त्याला बटण नाही. दगडूनं दोनदा पाय मारून पाहिला आणि उसासा टाकून बसला.

आता पहिला पट्टा रिकामा झाला. तो बाबांनी हातात घेतला. क्लिप उलटसुलट पाहिली. आणि शांतपणे स्वतःच्या बकलात खुपसली. पीं पीं बंद! इतक्या वर्षांत मी बाबांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

"आजोबा, ही फसवणूक आहे," मनू म्हणाली. "अशा नुसत्या क्लिपा विकल्या म्हणून 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना धरलं होतं. तेरा हजारांवर जाहिराती काढायला लावल्या."

"मी कुठे विकतोय?" बाबा म्हणाले. "कुत्र्याची आहे. वापरायला घेतलीय."

घाट सुरू झाला. मनूनं दगडूवर पहारा ठेवला. ओठ चाटणं, सारख्या जांभया, लाळ, ही गाडी लागल्याची लक्षणं तिनं लिहून आणली होती. चौथ्या वळणावर ती ओरडली, "आई, जांभया! थांब, थांब!" मी थांबले. जांभया आजीच्या होत्या. ज्यांना आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती, त्या आई दार उघडून करवंदीच्या जाळीपाशी दहा मिनिटं बसल्या. दगडू तुपाच्या दोन पोळ्या पोटात घेऊन करुणेनं बघत होता. त्यांना लिंबू हुंगायला देऊन आम्ही पुढे निघालो.

आणि एका वळणावर म्हैस. वेग तिशीच्या आतच होता, पण ब्रेक करकचून लागला. आईंना पट्ट्यानं धरलं, मनूला धरलं. दगडू वीतभर पुढे गेला, हार्नेसनं त्याला छातीशी धरलं आणि परत जागेवर बसवला. बाबांना धरायला काही नव्हतं. ते सीटवरून घसरत गुडघ्यांवर गेले, हात डॅशबोर्डवर, चष्मा काचेपाशी, टोपी माझ्या पायात. आणि आईंच्या मांडीवरचा पुरणाचा डबा दोन सीटांच्या मधून, दगडूच्याच जुन्या मार्गानं, पुढे येऊन झाकणासकट उघडला.

म्हैस आमच्याकडे बघत रवंथ करत राहिली. गाडीभर जायफळाचा वास सुटला.

त्या पट्ट्याची खरी कसोटी ब्रेकनं नव्हे, पुरणानं घेतली. दगडूनं सगळं बळ लावलं. पाय फाकले, मान लांब केली, जीभ तर आमच्या अंदाजापेक्षा चार बोटं जास्त निघाली. पुरण तिच्यापासून एका हातावर राहिलं. कडी हलली नाही. मग त्यानं जे रडगाणं लावलं, ते निजामपूरपर्यंत चाललं.

बाबांना लागलं नव्हतं. टोपी झटकून डोक्यावर ठेवली, चष्मा लावला, आणि कुणाकडे न बघता कुत्र्याची क्लिप काढून स्वतःचा पट्टा ओढला. "या बाजूनं ऊन येतंय," एवढंच म्हणाले. पट्ट्याचा आणि उन्हाचा काय संबंध, हे विचारायला मनूनं तोंड उघडलं होतं. मी आरशातून डोळे वटारले.

माणगाव गेलं, आंबेतचा पूल गेला, मंडणगडला चहा झाला. दर वेळी दार उघडण्याआधी दगडूला साखळी, मग कडीतून सुटका, मग झाड, मग पुन्हा कडी. बाबा कुठेच उतरले नाहीत. चहासुद्धा काचेतून मागवला. मला वाटलं, पुरणाचं मनाला लागलंय.

दुपारी गावात शिरलो तेव्हा लांबून ढोल ऐकू येत होता. पालखी वरच्या वाडीतून निघालेली. अंगणात चुलत सासरे, जावा, पोरं, सगळी गोळा झाली. आई उतरल्या, मनू उतरली. बाबा आतच. एक हात कमरेशी काहीतरी चाचपत होता आणि चेहरा पिंपिणी ऐकताना असायचा तसा निर्विकार.

"बाबा, चला ना, पालखी येईल," मी म्हटलं.

त्यांनी काच थोडी खाली केली, अंगणाकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "सूनबाई, ओरडू नकोस. मनूला म्हणावं, दगडूला सोड आणि इकडे पाठव. त्याला जमतं ते."